एक फेज नीट, दोन मंद : डीपीच्या आतला हिशोब

वैशाखात रावेर-यावल पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास जातो. केळीला पाण्याचा खंड पडला तर घड पोसत नाही, म्हणून लाईट आली की शिवारातली प्रत्येक मोटार चालू होते. आणि नेमकी त्याच दिवसांत डीपी, म्हणजे बांधावरचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळते. मग पारावर चर्चा सुरू होते : तेल कमी होतं, माल हलका दिला, वायरमनने लक्ष दिलं नाही. त्यातलं काही कधी कधी खरंही असतं. पण बहुतेक वेळा मूळ दुखणं असतं रोहित्रातून ओढल्या जाणाऱ्या करंटचं, आणि तो करंट घरी बसून कागदावर मोजता येतो. दहावीचं गणित पुरतं.

सुरुवात वरून करू, म्हणजे वीज जिथे तयार होते तिथून. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॅटचे संच आहेत. एवढ्या मोठ्या संचाचं जनित्र साधारण २१ केव्ही, म्हणजे २१ हजार व्होल्टने वीज देतं. त्याहून फार जास्त दाब जनित्राच्या खाचांमध्ये बसवलेल्या इन्सुलेशनला झेपत नाही. ५०० मेगावॅट आणि ०.८५ पॉवर फॅक्टर (एकूण भारातला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) धरला की एकूण भार होतो ५८८ एमव्हीए. २१ केव्हीला त्याचा करंट निघतो १६ हजार अँपिअरच्या वर. हा करंट तारेतून नेताच येत नाही. जनित्रापासून रोहित्रापर्यंत त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या जाड नळ्या असतात, त्याही बंद आवरणात. म्हणून जनित्राच्या इमारतीला लागूनच रोहित्र उभं असतं आणि ते दाब ४०० केव्हीपर्यंत चढवतं. तीच वीज आता साधारण ८५० अँपिअरने पुढे जाते.

दाब एकोणीस पट वाढला, करंट एकोणीस पट घटला. पण तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गावर ठरते. म्हणजे त्याच तारेत नुकसान १९ गुणिले १९, सुमारे ३६० पटींनी कमी. दाब चढवायचा तो एवढ्यासाठी. वर्गाचा हा नियम लक्षात ठेवा, खाली बांधावरच्या डीपीपर्यंत तोच कामाला येणार आहे.

अंतर आणि वीज आणखी वाढली की ४०० केव्हीही कमी पडतं. धुळ्याजवळ ७६५/४०० केव्हीचं उपकेंद्र आहे, तिथून वडोदरा आणि छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने ७६५ केव्हीच्या लाइनी जातात. तिथली रोहित्रं १५०० एमव्हीएची. एवढं रोहित्र एका टाकीत बसवलं तर रस्त्याने आणताच येणार नाही, म्हणून प्रत्येक फेजसाठी ५०० एमव्हीएचं वेगळं एकफेजी रोहित्र घेऊन तिघांची जोडी लावतात. साक्रीकडे उलट टोक दिसतं. ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या बहुतेक पवनचक्क्या ६९० व्होल्टवर वीज बनवतात आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी ती ३३ केव्ही करणारं छोटं रोहित्र असतं. साक्री तालुक्यातच १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तिथे पॅनेलची वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी) असते, तिला आधी इन्व्हर्टरमधून एसी (उलटसुलट वाहणारी) करावं लागतं आणि मगच रोहित्रात घालता येतं.

डीसी का चालत नाही, ते आतली रचना पाहिली की कळतं. रोहित्रात हलणारा एकही भाग नाही. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या पातळ पत्र्यांचा गाभा, प्रत्येक पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा आणि शेजारच्यापासून विद्युतदृष्ट्या वेगळा. गाभ्याच्या खांबावर आत कमी दाबाचे वेढे, त्यावर बाहेरून जास्त दाबाचे. ११ केव्हीच्या वेढ्यांना एसी मिळाली की गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं, आणि बदलतं चुंबकत्व त्याच गाभ्यावरच्या प्रत्येक वेढ्यात सारखाच दाब निर्माण करतं. फॅरेडेने १८३१ मध्ये हेच दाखवलं. डीसीचं चुंबकत्व बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्या बाजूला काही मिळत नाही. पहिल्या बाजूलाही करंटला अडवणारं काही उरत नाही आणि वेढे जळतात. डीपीजवळ उभं राहिल्यावर जो घुमण्याचा आवाज येतो तो याच उलटसुलट होण्याने पत्रे किंचित ताणले-आखडले जाण्याचा. तो प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला होतो, म्हणून सेकंदाला १०० वेळा. आवाज एकसारखा असेल तर रोहित्र ठीक. खडखडाट असेल तर गाभ्याची आवळणी सैल झालेली असते, आणि आत तडतड ऐकू येत असेल तर ती ठिणगी आहे. अशा डीपीपासून लांब व्हायचं आणि कंपनीला कळवायचं.

आता वेढ्यांचा हिशोब. १०० केव्हीएच्या (हजार केव्हीए म्हणजे एक एमव्हीए) डीपीत प्रत्येक वेढ्याला साधारण ५ व्होल्ट येतात असं धरू. खालच्या बाजूला फेज ते न्यूट्रल २५० व्होल्ट हवेत, तर ५० वेढे. वरच्या बाजूला ११ हजार व्होल्ट, तर २२०० वेढे. गुणोत्तर ४४. इथे कुणी म्हणेल, खालच्या बाजूला दोन फेजमध्ये ४३३ व्होल्ट असतात, ११,००० भागिले ४३३ म्हणजे तर २५.४ येतात, ४४ कुठून आले? वरची बाजू डेल्टात (तीन वेढे त्रिकोणासारखे) जोडलेली असते, तिथे वेढ्याला दोन तारांमधला पूर्ण दाब मिळतो. खालची बाजू स्टारमध्ये (तिन्ही वेढ्यांचं एकेक टोक एकत्र, तोच न्यूट्रल) असते, तिथे वेढ्यावर फेज ते न्यूट्रल एवढाच दाब, आणि दोन फेजमध्ये त्याच्या १.७३२ पट, म्हणजे ४३३. डेल्टामुळे ११ केव्हीच्या लाइनीला तीन ताराच पुरतात, स्टारमुळे घरांना न्यूट्रल मिळतो.

मोटारीवर ४१५ व्होल्ट लिहिलेलं असतं, मग रोहित्र ४३३ चं का? भार आला की रोहित्राच्या आत थोडा दाब खर्च होतो आणि पुढे तारेत आणखी. ४३३ हा रिकाम्या रोहित्राचा आकडा आहे.

दीपनगर ते बांध या प्रवासात ४०० चे २२०, मग १३२, ३३, ११ आणि शेवटी ४३३ व्होल्ट होतात. (काही ठिकाणी मधला एखादा टप्पा गाळलेला असतो.) ४०० चे २२० करताना दोन दाबांत फारसं अंतर नसतं, म्हणून तिथे ऑटो रोहित्र वापरतात : एकच वेढा दोन्ही बाजूंना सामाईक, तांबं आणि वजन दोन्ही वाचतं. ११ केव्हीचे ४३३ करायला ते कधीच वापरत नाहीत. सामाईक वेढा तुटला तर ११ हजार व्होल्ट थेट घरात येतील.

उपकेंद्रातल्या मोठ्या रोहित्रांना चालू भारावर टॅप (वेढे कमी-जास्त करायची जोडणी) बदलणारं यंत्र असतं. पायरी सहसा सव्वा टक्क्याची. हे टॅप जास्त दाबाच्या बाजूला ठेवतात, कारण तिथे करंट कमी असतो आणि संपर्कबिंदू जळत नाहीत. खालचा दाब वाढवायचा असेल तर वरच्या बाजूचे वेढे कमी करायचे, हे नवख्याला उलटं वाटतं. प्रति वेढा व्होल्ट वाढले की खालच्या ठरलेल्या वेढ्यांवर जास्त दाब मिळतो, एवढंच त्यामागे आहे. गावातल्या काही मोठ्या डीपींनाही टॅपचा दांडा असतो, पण तो फक्त लाइन बंद असताना फिरवायचा. चालू डीपीवर फिरवला तर आत ठिणगी पडून टॅपच जळतो. शंभर केव्हीएपर्यंतच्या डीपींना बहुधा टॅप नसतातच, त्यामुळे "वायरमनला सांगून टॅप वाढवून घेऊ" हा उपाय शिवारात फारसा चालत नाही.

आता बांधावरच्या डीपीकडे.

६३ केव्हीएच्या डीपीचा पूर्ण भाराचा करंट ११ केव्हीच्या बाजूला ३.३ अँपिअर, खालच्या बाजूला ८४ अँपिअर. १०० केव्हीएचा ५.२५ आणि १३३. २५ केव्हीएचा १.३ आणि ३३. हे आकडे डीपीच्या नावपट्टीवर कोरलेले असतात, एकदा वाचून वहीत लिहून ठेवा. ५ एचपीची धड मोटार साधारण साडेचार किलोवॅट ओढते. कपॅसिटर नसेल तर तिचा पॉवर फॅक्टर पाऊणच्या थोडा वर, म्हणजे ५.८ केव्हीए आणि ८ अँपिअर. ६३ च्या डीपीवर अशा दहा मोटारी बसतात, अकरावीला डीपी काठावर येते. प्रत्यक्षात कागदावर दहा असतात आणि तारेवर चौदा. शिवाय दोनदा रिवाइंड केलेली मोटार तेवढ्याच पाण्याला जास्त करंट खाते, आणि पाच एचपीच्या कनेक्शनवर साडेसातची मोटार ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. पाणी खोल गेलं की माणूस मोठी मोटार टाकणारच, त्यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. पण डीपीला भार कळतो, अडचण कळत नाही.

भार दीडपट झाला तर काय होतं ते बघू. जुन्या मानकाप्रमाणे १०० केव्हीएच्या डीपीत रिकामी असताना २६० वॅट जातात, पूर्ण भारावर वेढ्यांत आणखी १७६०. एकूण सुमारे दोन हजार वॅट. दीडपट भारावर वेढ्यांतलं नुकसान सव्वादोन पट होतं, १७६० चे ३९६०. एकूण ४२२०. भार दीडपट, उष्णता दुपटीहून जास्त. पूर्ण भारावर तेल बाहेरच्या हवेपेक्षा ४० अंशांनी जास्त तापतं असं धरलं, तर दीडपट भारावर हा फरक सत्तरीच्या घरात जातो. बाहेर ४५ अंश, म्हणजे तेल ११५ च्या पुढे आणि वेढ्याचा सर्वांत तापलेला भाग १४० च्या आसपास. वेढ्यांवर कागद गुंडाळलेला असतो. ९८ अंशांवर त्याचं आयुष्य जेवढं धरतात, ते पुढच्या प्रत्येक ६ अंशांना निम्मं होतं. १४० अंशांना तासाभरात सव्वाशे तासांचं वय सरतं. कागद काळा पडतो, ठिसूळ होतो आणि एखाद्या धक्क्याला भुगा होऊन दोन वेढे एकमेकांना टेकतात. जळण्याची घटना एका क्षणाची असते, जळणं आधीच दोन उन्हाळे चाललेलं असतं.

तो शेवटचा धक्का बहुतेक वेळा देतो ऑटो स्विच. रात्रीची पाळी असली की कोण जागत बसणार, म्हणून स्टार्टरला ऑटो लावून ठेवलेला असतो. लाईट आली की दहाच्या दहा मोटारी एकाच सेकंदाला उठतात. मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, म्हणजे ८ च्या जागी ४५ अँपिअर. दहा मोटारींचे ४५०, आणि डीपी ८४ अँपिअरची. रोहित्राचा अंतर्गत अडथळा साडेचार टक्के असतो, म्हणून एवढ्या करंटला रोहित्रातच दाब वीस-बावीस टक्के पडतो, तारेत पडेल तो वेगळा. दाब ८० टक्क्यांवर आला की मोटारीचा जोर ६४ टक्क्यांवर येतो, कारण तोही दाबाच्या वर्गानेच घटतो. मग मोटार पटकन वेग घेत नाही, आणि वेग घेत नाही तोवर तो पाचपट करंट ओढत राहते. एकेक करून दोन मिनिटांच्या अंतराने उठवल्या असत्या तर प्रत्येकीने दोन-तीन सेकंदांत वेग घेतला असता आणि डीपीला जाणवलंही नसतं. माझं स्पष्ट मत आहे की खान्देशात शेतीच्या डीपी वाचवायच्या असतील तर पहिलं काम ऑटो स्विच काढणं. ज्याला ऑटो हवाच आहे त्याने टायमर असलेला घ्यावा आणि डीपीवरच्या सगळ्यांनी आपसांत वेळा वाटून घ्याव्यात : पहिला लाईट आल्यावर दोन मिनिटांनी, दुसरा चार, तिसरा सहा.

दुसरं काम कपॅसिटरचं, आणि ते स्वस्त आहे. मोटारीला चुंबकत्वासाठी जो करंट लागतो तो वीज म्हणून खर्च होत नाही, पण तारेतून आणि डीपीतून ये-जा करत राहतो. मोटारीशेजारी कपॅसिटर असेल तर ही ये-जा मोटार आणि कपॅसिटर यांच्यातच मिटते. ३ एचपीला १ केव्हीएआर (या ये-जा करणाऱ्या भाराचं माप), ५ ला २, साडेसातला ३, दहाला ४ हे साधारण माप. ५ एचपीच्या मोटारीला २ चा कपॅसिटर लावला की ५.८ केव्हीएचे ४.८ होतात, करंट ८ वरून साडेसहाच्या थोडा वर येतो. दहा मोटारींचे मिळून जवळजवळ दहा केव्हीए मोकळे होतात, म्हणजे आणखी दोन मोटारींची जागा. वर्गाच्या नियमाने डीपीतल्या वेढ्यांची उष्णता तीस टक्क्यांनी उतरते. कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटार बंद झाली की तोही बंद होईल. मापापेक्षा मोठा लावू नका. मोटार बंद होताना दाब उसळून तिचं इन्सुलेशन खराब होतं. आणि बसवलेला कपॅसिटर फुगला असेल, तेल गळत असेल, तर तो नसल्यासारखाच आहे.

लांबलचक लघुदाब तारेचाही, म्हणजे डीपीच्या खालच्या बाजूने निघणाऱ्या तारेचाही, हिशोब बघा. ‘विझल’ नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रोध किलोमीटरला ०.९ ओहमच्या आसपास. डीपीपासून अर्ध्या किलोमीटरवर ४० अँपिअर नेले तर पंचवीस-तीस व्होल्ट वाटेतच जातात, ८० नेले तर पन्नास-साठ. ४० अँपिअरची तीच वीज ११ केव्हीने नेली तर करंट दीड अँपिअर. म्हणूनच एका मोठ्या डीपीऐवजी दोन-तीन शेतकऱ्यांमागे दहा, सोळा किंवा पंचवीस केव्हीएची छोटी डीपी ही पद्धत चांगली. उच्चदाब वाहिनी बांधापर्यंत येते, आकडा टाकायला लघुदाब तार उरत नाही, आणि डीपी गेलीच तर दोघांचंच पाणी थांबतं.

आता लक्षणांकडे. वायरमन येईपर्यंत दुखणं कुठे आहे ते निम्मं तरी ओळखता येतं, आणि तक्रार नेमकी दिली तर तो योग्य सामान घेऊन येतो.

एक फेज पूर्ण बंद आणि दोन नीट असतील, तर डीपीच्या पेटीतला त्या फेजचा किटकॅट फ्यूज गेलेला असतो किंवा खालच्या बाजूचा एखादा जोड जळालेला असतो. एक फेज नीट आणि दोन फेजवर दिवे निम्म्याने मंद जळत असतील, तर दोष वरच्या, ११ केव्हीच्या बाजूला आहे. वरची एक तार गेली की डेल्टातल्या तीन वेढ्यांपैकी एकाला पूर्ण दाब मिळतो आणि उरलेले दोघे एका ओळीत येऊन तेवढाच दाब निम्मा-निम्मा वाटून घेतात. खाली एका फेजवर २५० आणि दोन फेजवर १२५ च्या आसपास. फेज ते फेज मोजलं तर दोन ठिकाणी साधारण ३७५ आणि तिसऱ्या ठिकाणी जवळपास शून्य. मोटार या अवस्थेत उठत नाही, नुसती घुरघुरते, आणि घुरघुरत ठेवली तर काही मिनिटांत वाइंडिंग जातं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर याचसाठी असतो. पुढचा प्रश्न : शेजारच्या डीपीवर काय आहे? तिथेही दोन फेज मंद असतील तर ११ केव्हीच्या लाइनीवर कुठेतरी जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटलाय. फक्त तुमच्याच डीपीवर असेल तर तिचा डीओ फ्यूज (११ केव्हीच्या बाजूचा नळीचा फ्यूज) सुटलाय, खालून मान वर करून पाहिलं तरी नळी खाली लोंबकळताना दिसते.

काही घरांत दिवे भगभगीत आणि काहींत मिणमिणते, हे तिसरं लक्षण सगळ्यांत वाईट. न्यूट्रल तुटलाय. एका फेजवर दोन किलोवॅटचा भार आहे, दुसऱ्यावर अर्ध्या किलोवॅटचा आणि न्यूट्रल नाही, असं धरू. दोन्ही भार ४१५ व्होल्टवर एका ओळीत येतात. जास्त भाराच्या घरात ८३ व्होल्ट उरतात, कमी भाराच्या घरात ३३२ जातात. टीव्ही, फ्रीज, पंखे एका झटक्यात. असं दिसलं की आधी घराचा मेन स्विच पाडा, बाकी सगळं नंतर. न्यूट्रलचा जोड डीपीच्या बुशिंगपाशी (तार टाकीबाहेर येते तिथल्या चिनी मातीच्या तुकड्यापाशी) गंजून सैल झालेला असतो, कधी अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं योग्य क्लॅम्पशिवाय जोडल्याने.

फ्यूजबद्दल थोडं कडक बोलतो. डीपीच्या पेटीत किटकॅटमध्ये मापाच्या तारेऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या वाहक तारेचे दोन-तीन पीळ घातलेले सर्रास दिसतात. तार वारंवार जाते म्हणून वैतागून केलेलं असतं. पण फ्यूज वारंवार जातोय याचा अर्थ डीपीवर भार जास्त आहे. पीळ घातल्यावर भार तेवढाच राहतो, फक्त फ्यूजऐवजी आता रोहित्र वितळतं. पुढे कुठे लघुदाब तारा एकमेकींना चिकटल्या तर ६३ केव्हीएची डीपी तिच्या तोंडाशी १८००-१९०० अँपिअर देऊ शकते, म्हणजे पूर्ण भाराच्या बावीसपट. एवढ्या करंटला वेढे एकमेकांना इतक्या जोराने ढकलतात की जागचे सरकतात. मापाची फ्यूज तार हे क्षणार्धात तोडते. पिळाची तार तोडत नाही.

अर्थिंग आपल्या काळ्या मातीत खास लक्ष मागतं. पावसाळ्यात ही माती उत्तम, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला सोडून देते. रोध ५ ओहमच्या आत हवा, तो कितीतरी पट चढतो. आणि नेमका तेव्हाच, मे अखेरीला, वळवाचा कडकडाट येतो. डीपीच्या माथ्यावर ११ केव्हीसाठी ९ केव्हीचे लाइटनिंग अरेस्टर असतात, ते विजेचा झटका जमिनीत सोडतात, पण जमीनच कोरडी असेल तर सोडणार कुठे? तो मग वेढ्यांत शिरतो. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का, पट्टी तुटलेली किंवा चोरीला गेलेली नाही ना, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला दोन-चार घागरी पाणी पडतं का, एवढं गावानेच पाहायला हवं. पाणी घालताना पट्टीला किंवा खांबाला हात लावायचा नाही.

तेलाला दोन कामं : वेढ्यांची उष्णता बाहेर नेणं आणि इन्सुलेशन सांभाळणं. पातळी खाली गेली की वरचे वेढे उघडे पडतात. तेल चाचणीला नेलं तर अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन गोळ्यांमध्ये किमान ३० केव्ही दाब सहन व्हायला हवा. त्यात जरासं पाणी गेलं तरी हा आकडा कोसळतो. तेल तापलं-निवलं की बाहेरची हवा आत-बाहेर करणाऱ्या डीपीवर, त्या हवेच्या वाटेवरच्या ब्रीदरमध्ये सिलिका जेल असतं, निळं म्हणजे कोरडं, गुलाबी म्हणजे ओलं. काही ठिकाणी आता नारिंगी जेल येतं, त्याचा रंग ओलाव्याने उडतो. ब्रीदरची काच फुटलेली आणि जेल गुलाबी दिसत असेल तर ते पावसाळ्याआधी कळवायचं, नंतर नाही.

जळालेली डीपी बदलून दुसरी आली की काय तपासलं जातं, तेही माहीत असावं. ही कामं वीज कंपनीच्या माणसाचीच. बाजूला उभं राहून पाहायला आणि विचारायला मात्र काही हरकत नाही. टाकी आणि बुशिंग वाहतुकीत फुटलेलं नाही, तेल खुणेपर्यंत आहे. मेगर लावून वरचे वेढे ते जमीन, खालचे ते जमीन, आणि वरचे ते खालचे असं तिन्ही ठिकाणी इन्सुलेशन मोजलेलं आहे. दुरुस्त होऊन आलेल्या रोहित्राची एक सोपी चाचणी गोदामातच होते : ११ केव्हीच्या बुशिंगांना ४१५ व्होल्ट द्यायचे आणि खाली मोजायचं. दोन फेजमध्ये १६.३ च्या आसपास आणि फेज ते न्यूट्रल ९.४ व्होल्ट आले, तिन्हीकडे सारखे, तर वेढे बरोबर आहेत. एखाद्या फेजवर वेगळा आकडा आला तर त्या खांबावर वेढे चिकटलेत. हीच चाचणी उलट्या बाजूने कधीही करायची नाही : खाली ४१५ दिले तर वर साडेदहा हजार व्होल्ट उभे राहतात.

घरच्या जनरेटरचा धोका हाच. डीपी बंद आहे, वायरमन ११ केव्हीच्या खांबावर चढलाय, आणि कुणी मेन स्विच न पाडता जनरेटर घरच्या लाइनीत सोडला, तर रोहित्र उलटं चालतं. घरातले २३० व्होल्ट खांबावर हजारो व्होल्ट होतात आणि चढलेल्या माणसाला सावध करायला काहीच नसतं. जनरेटर लावायचा तर चेंजओव्हर स्विचनेच, दोन्ही बाजू एकाच वेळी जोडता येणारच नाहीत असा. इन्व्हर्टरच्या जोडणीतही हेच पाहून घ्या.

नवी डीपी चढली की लगेच सगळ्या मोटारी सोडू नयेत. लघुदाब फ्यूज काढून आधी काही तास ती रिकामी चालू ठेवतात. आवाज एकसारखा आहे का, कुठे तेल पाझरतंय का, तिन्ही फेज न्यूट्रलशी सारखे आहेत का ते पाहतात. त्यानंतर फ्यूज घालून एक मोटार, तिने पाणी धरलं की दुसरी. सगळ्या चालू झाल्या की वायरमनला क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजायला सांगा. ६३ च्या डीपीवर कुठल्याही फेजला ८४ च्या वर आकडा दिसला, तर जास्तीची मोटार दुसऱ्या पाळीला ढकला किंवा भारवाढीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, सोबत तो करंटचा आकडा तारीख-वेळेसह लिहून.